मेलेलं झाड हिरवं असतं

जुनिपर मेलं की लगेच कळत नाही. गुलाब दुसऱ्याच दिवशी मान टाकतो, तुळस आठवडाभरात काळी पडते. जुनिपरची मुळं कधीच संपलेली असतात, फांद्या मात्र महिना-दोन महिने हिरव्यागार. मालक खुशीत पाणी घालत राहतो. मग कधीतरी रंगातली चमक जाते, हिरवा पिवळटतो, पिवळ्याचा तपकिरी होतो, आणि तोवर करण्यासारखं काही उरलेलं नसतं. भोपाळला बंगल्यांच्या बागांतली जुनी जुनिपरं खणून त्यांचे बोन्साय करतात, त्यावर लिही, असं संपादकांनी सांगितलं. मला कुतूहल होतं ते या लपवाछपवीचं.

इतिहास थोडक्यात उरकतो. जपानात वाऱ्या-बर्फाने पिळवटलेली झाडं डोंगरकड्यांवरून खणून आणायची रीत होती, तिला यामादोरी म्हणतात. शिम्पाकू नावाच्या जुनिपरसाठी लोकांनी कडेच्या कडे पालथे घातले आणि रानातली चांगली झाडं जवळपास संपवली. 1923 च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायवाले ओमियाकडे सरकले आणि 1925 मध्ये तिथे त्यांचं गावच वसलं. आपल्याकडे 2018 मध्ये पुण्यात प्राजक्ता काळे यांच्या ‘बोन्साय नमस्ते’ने आंतरराष्ट्रीय अधिवेशन भरवलं. जुनिपर आपल्याला परकं नाही. लडाखमध्ये त्याला शुक्पा म्हणतात आणि त्याचा धूप जाळतात. वैद्यांची हपुषाही याच कुळातली. पण सरकारी जंगलातून परवानगीशिवाय झाड खणून आणणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. राहता राहिल्या बागा.

बागांच्या बाबतीत भोपाळ श्रीमंत. 1956 मध्ये शहर मध्य प्रदेशची राजधानी झालं, त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनीची (आताच्या ‘भेल’ची) स्थापना झाली, आणि पुढच्या काही वर्षांत तात्या टोपे नगर, शिवाजी नगर आणि ‘भेल’ची वसाहत अशी क्वार्टरांची रांगच लागली. पुढे अंगण, अंगणाला मेंदीचं कुंपण, आणि हौशी बिऱ्हाड असेल तर फाटकाच्या दोन्ही अंगांना एकेक जुनिपर किंवा मोरपंखी. पुष्कळ माळी दोन्हींना सरसकट ‘विद्या’च म्हणतात. वहीत ठेवायचं विद्येचं पान खरं तर मोरपंखीचं. फळं बघितली की फरक कळतो: मोरपंखीची फळं निळसर, शिंगं फुटलेली आणि पिकल्यावर उकलणारी, जुनिपरची गोल, मांसल, बोरासारखी.

मला ज्यांनी खणणं दाखवलं ते काका ‘भेल’मधून निवृत्त झालेले. नाव छापायचं नाही, या अटीवर बोलले. खणायचं काम त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या भोपाळी माळ्याचं. काकांच्या हातात फक्त एक लोखंडी सळई. एका अंगणातलं, फाटकाजवळचं जुनिपर मनगटापेक्षा जाड होतं, बुंध्याशी एक बाजू वाळून रुपेरी झालेली. मला वाटलं, आता कुदळ चालणार. काकांनी आधी बुंध्याजवळची मूठभर माती उचलली, दाबली आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाकली. गोळा फुटून भुगा झाला.

“वाफसा आहे,” ते म्हणाले. “घे रे.”

भोपाळची काळी माती दोन्हीकडून छळते. ओली असली तर मुळांना चिखल चिकटून गड्डा मणाचा होतो आणि उचलताना स्वतःच्याच वजनाने तुटतो. वाळली तर दगड होते, पहारीच्या एका दणक्याने भेगाळते, आणि भेग बारीक मुळं घेऊन जाते. खणायला जमतं ते मधल्या चार-सहा दिवसांत, तेही जानेवारी अखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, थंडी ओसरत असताना.

त्या दिवशी झाड निघालंच नाही. माळ्याने बुंध्यापासून हातभर अंतरावर अर्धंच वर्तुळ खणलं. जाड मुळं करवतीने साफ कापली, चरात चाळलेली वाळू आणि विटांचा चुरा भरला, पाणी दिलं, संपलं. कापलेल्या टोकांना वर्षभरात त्या भुसभुशीत भरावात बारीक मुळं फुटतील. पुढच्या वर्षी उरलेलं अर्धं वर्तुळ. झाड हलेल ते त्यानंतरच्या थंडीत. माळ्याला हे पटत नाही. “को ख़ाँ, दो घंटे का काम और दो साल!” असं तो मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. काका हसले नाहीत.

चर भरायच्या आधी त्यांनी मला वाकून बघायला लावलं. बारीक मुळांवर पांढरी बुरशी होती, कापसाचे धागे विखुरल्यासारखी. काका ही धुऊन काढत नाहीत. मग सळईचं टोक बुंध्यावरच्या लालसर, फुगीर पट्ट्यावरून वर फिरवलं. ही जिवंत शीर. त्या बाजूचं मूळ बहुतेक त्याच बाजूच्या फांदीला पोसतं. मूळ कापलं की ती फांदी वाळते, आणि पुढे तीच सोलून, चुना-गंधकाचं द्रावण लावून पांढरी ठेवतात. बोन्साय बघणारे त्यावर फिदा होतात. म्हणून कोणतं मूळ कापायचं हे काका फांद्यांकडे बघून ठरवतात. जुनाट, पानं नसलेल्या लाकडाला जुनिपर पुन्हा फुटत नाही. फांदी आखूड करायची तर हिरवं जिथवर आहे तिथवरच मागे जायचं. दोन तासांत झाड काढणाऱ्यांबद्दल माझ्या मनात जो थोडाफार आदर होता, तो इथे संपला.

झाड पेटीत आलं की खरी कटकट सुरू होते. लाकडी पेटीत सगळीकडे विटांचे तुकडे आणि मधोमध काळ्या मातीचा जुना गाभा. वरून दिलेलं पाणी तुकड्यांमधून धावत निघून जातं, गाभा आत कोरडा ठणठणीत. आणि पावसाळ्यात तोच गाभा भिजला की आठ-आठ दिवस वाळत नाही, मुळं कुजतात. काकांची सळई त्यासाठीच: गाभ्यात भोकं पाडायची, सळई आत ठेवायची, थोड्या वेळाने काढून बोटाने ओल बघायची. सगळी माती एकदम झटकली तर झाड जातं, म्हणून पहिल्या खेपेला अर्धा गाभा आणि बऱ्याच अवधीनंतर उरलेला.

मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो. नव्या मुळांना जेमतेम तीन महिने मिळालेले असतात. हिरव्या जाळीखाली ठेवायचं, पेटीला तारेने घट्ट बांधायचं, कारण झाड वाऱ्याने डुललं तरी कोवळी मुळं तुटतात. त्याच उन्हात लाल कोळी येतो. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारायची. ठिपके चालायला लागले की समजायचं. घाबरलेलं झाड खवल्यांची पानं सोडून लहानपणची टोचरी सुईसारखी पानं काढतं, आणि नवशिका त्याला नवी पालवी समजून तारा बांधायला घेतो. काका वाढती टोकं फुटेपर्यंत कात्रीसुद्धा लावत नाहीत.

हे सगळं धीराने सांभाळता येतं. सांभाळता येत नाही ती घरं पाडायची तारीख. 2016 मध्ये स्मार्ट सिटीसाठी शिवाजी नगर निवडलं गेलं, झाडं जातील म्हणून रहिवासी रस्त्यावर उतरले, आणि प्रकल्प तात्या टोपे नगरकडे वळला. तिथली जुनी क्वार्टरं पाडली गेली. असं घर रिकामं होतं तेव्हा हातात काही आठवडे असतात. जुनिपरला हव्यात दोन-तीन थंड्या. पावसाळ्यात किंवा उन्हात एका दिवसात काढलेल्या झाडांचा हिशेब काकांनी मला दिला नाही, पण त्यांच्या गच्चीच्या कोपऱ्यात सोललेल्या खोडांचा ढीग आहे. त्यातली बरीच पेटीत आली तेव्हा हिरवी होती.

म्हणून आता ते घर रिकामं व्हायची वाट बघत नाहीत. निवृत्तीला चार-पाच वर्षं असलेल्या ओळखीच्या लोकांच्या अंगणात जाऊन, परवानगी काढून, आधीच अर्धं वर्तुळ खणून ठेवतात. अर्ध्याअधिक गृहिणी नकार देतात. फाटकाशी चर कशाला, असं विचारतात, आणि त्यांचंही चूक नाही.