घराला पारखा झालेला राक्षस

मेरी शेली यांच्या १८१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'फ्रँकेन्स्टाइन' या कादंबरीतील भयाचे मूळ प्रयोगशाळेपेक्षा घरात अधिक आहे. जिनिव्हातील प्रेमळ कुटुंबात वाढलेला व्हिक्टर संशोधनाच्या ध्यासापायी घरी पत्र धाडणेही विसरतो आणि स्वतः घडवलेल्या जिवाला पाहताक्षणी टाकून पळतो. तो जीव डी लेसी कुटुंबाचा जिव्हाळा फटीतून न्याहाळत भाषा शिकतो, माया ओळखतो. पण तेथूनही हाकलला जातो. त्याला सहचरी देण्याचे वचनही व्हिक्टर मोडतो. म्हणूनच त्याचा सूड व्हिक्टरच्या धाकट्या भावावर, मित्रावर आणि नववधूवर उतरतो. मायेला पारखे होण्याचे दुःख लेखिकेला परके नव्हते. १७९७ मध्ये त्यांच्या जन्मानंतर अवघ्या काही दिवसांतच त्यांची आई निवर्तली होती.