मदरशातील शिक्षक आणि आपले कर्तव्य

अजिंठ्याच्या डोंगराखाली वसलेल्या सोयगावच्या पेठेतील कोणत्याही कापूस-व्यापाऱ्यास विचारावे, की ज्या मुनिमाचा पगार तीन-तीन महिने थकला, त्याच्या खतावणीवर आपण कितपत विसंबाल? त्याचे उत्तर ठरलेले आहे. मग जो न्याय खतावणीस, तोच मुलांच्या शिक्षणास का लागू नये? मदरशांतील शिक्षक नीट शिकवीत नाहीत, ही तक्रार पुष्कळ करितात. तिच्या मुळाशी जाण्याचे श्रम थोडेच घेतात.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाप्रमाणे शाळेच्या वयाच्या मुसलमान मुलांपैकी मदरशात जाणारी शेकडा चारांहूनही कमी आहेत. संख्या अल्प खरी. पण ही मुले बहुधा गरिबाघरची, आणि त्यांचे भवितव्य सर्वस्वी त्या एका शिक्षकाच्या हाती असते.

त्या शिक्षकाची स्थिती काय? कुराण शिकविणाऱ्या मौलवीचे वेतन जकात व देणग्या यांवर चालते, आणि हा ओघ मुख्यतः रमजानात येतो. बाकीचे महिने ओढाताणीचे. शिवाय वर्गाखेरीज वसतिगृहाची देखरेख आणि वर्गणीची फिरतीही पुष्कळदा त्याच्याच माथी येते. अशा थकल्या माणसाकडून उत्तम अध्यापनाची अपेक्षा करणे हा न्याय नव्हे. गणित, विज्ञान, मराठी इत्यादी विषय शिकविणाऱ्यांस राज्य सरकारच्या डॉ. झाकीर हुसेन योजनेतून मानधन मिळते. १० ऑक्टोबर २०२४ रोजी मंत्रिमंडळाने डी.एड. शिक्षकांचे मानधन ६,००० वरून १६,००० रुपये व बी.एड. शिक्षकांचे ८,००० वरून १८,००० रुपये करण्याचे ठरविले. या निर्णयाचे आम्ही स्वागत करितो. परंतु केवळ आकडा वाढून भागत नाही. तो नियमाने हाती पडला पाहिजे. केंद्राची अशीच योजना २०२२ च्या मार्चनंतर पुढे चालली नाही, आणि उत्तर प्रदेशातील एकवीस हजारांवर शिक्षकांचे मानधन अखेर बंद पडले, हे विसरून चालणार नाही.

तथापि वेतन हेच सर्वस्व नव्हे. शिकविण्याचे शिक्षण, वर्गात येऊन मार्ग दाखविणारा मुख्याध्यापक आणि कामाची ठरलेली वेळ, यांवाचून पगारी शिक्षकही निरुत्साही होतो. धर्मविद्या व व्यवहारविद्या एकत्र नांदू शकत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ साली अक्कलकुवा येथे स्थापिलेल्या संस्थेकडे पाहावे. तिच्या मदरशाच्या जोडीस आधुनिक महाविद्यालयेही उभी राहिली.

सरकारने लक्ष घालणे म्हणजे धर्मात ढवळाढवळ, हा आक्षेपही टिकणारा नाही. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा मदरसा कायदा, उच्च पदव्यांचा भाग वगळून, वैध ठरविताना शिक्षणाचा दर्जा राखण्याकरिता राज्याचे नियमन मान्य केले. मात्र त्याने संस्थेचे अल्पसंख्याक स्वरूप नष्ट होता कामा नये, हीही मर्यादा घातली.

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात हे: सरकारने मानधन दरमहा वेळेवर द्यावे, विश्वस्तांनी मौलवींस लेखी करार व ठरलेले वेतन द्यावे, आणि दात्यांनी इमारतीच्या फरशीइतकीच शिक्षकाच्या चुलीची चौकशी करावी. या मुलांपैकी प्रत्येक मूल उद्याचा नागरिक आहे. त्यास हिशेब व मराठी आली नाही, तर तोटा एका जमातीचा नव्हे, साऱ्या राष्ट्राचा आहे.