जपानचं कौतुक, तिलवारा घाटावरून

संक्रांतीची जत्रा उठली की तिलवारा घाटावर द्रोण, पत्रावळी आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचा खच पडतो. तो पाहून जबलपूरच्या मराठी मंडळींपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "जपानी लोक बघा!" मग सामना संपल्यावर स्टेडियम झाडून काढणारे प्रेक्षक निघतात, मिनिटाला धरून सुटणाऱ्या गाड्या निघतात, आणि शेवटी कुणीतरी 'इकिगाई'वर, म्हणजे जगावंसं वाटायला लावणाऱ्या गोष्टीवर, येतं. कौतुक खोटं नसतं. पण त्यात ऐकीव माल बराच असतो.

पहिला गैरसमज असा की ही जपानची ओढ कार्टूनं बघून वाढलेल्या पिढीची. शिनचॅन आणि डोरेमॉनच्या फार आधी, मे 1905 मध्ये त्सुशिमाच्या समुद्रात जपानने रशियाचं आरमार बुडवलं, तेव्हा 'केसरी'चे वाचक हरखून गेले होते. आशियातला एक देश युरोपातल्या सत्तेला हरवू शकतो, ही बातमी आपल्याला हवीच होती. पुढे दहा वर्षांनी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली. 1915 च्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली आणि 1916 मध्ये ते सुरूही केलं. जपानकडे बघून उसासे टाकणारे पुष्कळ झाले. कर्व्यांनी पुस्तिका वाचली आणि कामाला लागले.

दुसरा गैरसमज खास आमच्या गावचा. मार्च 1939 मध्ये तिलवाऱ्याजवळ नर्मदेकाठी काँग्रेसचं त्रिपुरी अधिवेशन भरलं. अध्यक्ष सुभाषबाबू, तापाने फणफणलेले, स्ट्रेचरवरून मांडवात आणलेले. ही गोष्ट इथे घराघरांत सांगतात आणि तिच्या शेपटाला जोडतात की नेताजी पहिल्यापासून जपानचेच. तसं नव्हतं. 1937 मध्ये जपानने चीनवर चढाई केली, तेव्हा त्याच वर्षी 'मॉडर्न रिव्ह्यू'मध्ये सुभाषबाबूंनी लेख लिहिला. त्यात जपानच्या कर्तबगारीची तारीफ होती आणि त्याच्या साम्राज्यशाहीवर सडकून टीकाही. 1938 मध्ये, ते अध्यक्ष असताना, काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकर, म्हणजे जबलपूर ज्या मध्य प्रांतात होतं, त्याच प्रांताचे. जपानी बाँबने जखमी झालेल्यांवर उपचार करता करता कोटणीस डिसेंबर 1942 मध्ये चीनमध्येच वारले. मे 1943 मध्ये सुभाषबाबू तोक्योला पोचले. इंग्रजांशी लढायला जो मिळेल तो मित्र, हा हिशेब त्यांनी उघड्या डोळ्यांनी केला होता. आपण मात्र हिशेब पुसून नुसती मैत्री लक्षात ठेवली.

आता स्वच्छता. ती जपान्यांच्या रक्तातच आहे, हा सगळ्यांत चिवट गैरसमज, आणि सोयीचाही. रक्तातच असेल तर आपला प्रश्नच मिटला. जत्रा करा आणि घरी जा. वस्तुस्थिती अशी की 1960 च्या आसपास तोक्योतून वाहणारी सुमिदा नदी इतकी घाण झाली होती की काठाने जाताना नाक दाबावं लागे. तिच्यावरची आतषबाजी ही शहराची जुनी हौस. घाण पाणी आणि वाढती वाहतूक यांमुळे ती बंद पडली आणि 1978 मध्ये पुन्हा सुरू झाली. 1964 च्या ऑलिंपिकआधी तोक्योत मोहिमा काढून लोकांना सांगावं लागलं की कचरा रस्त्यावर टाकू नका, उघड्यावर लघवीला बसू नका. दक्षिणेकडे मिनामाताच्या खाडीत एक रासायनिक कारखाना पारा सोडत होता. मासे खाऊन माणसं लुळी पडू लागली. 1956 मध्ये या रोगाची अधिकृत नोंद झाली, पण कारखान्याचं सांडपाणीच त्याला कारण आहे हे सरकारने 1968 पर्यंत मान्य केलं नाही. मधली बारा वर्षं त्या कोळ्यांच्या घरांत कशी गेली असतील!

मग रोगी आणि नागरिक कोर्टात गेले, वर्तमानपत्रांनी आवाज उठवला आणि 1970 च्या एकाच अधिवेशनात जपानी संसदेने प्रदूषणाविरुद्ध चौदा कायदे संमत केले. पुढच्याच वर्षी पर्यावरणासाठी स्वतंत्र खातं झालं. शाळेत पोरं आपला वर्ग आणि व्हरांडा स्वतः पुसतात, हे खरं आहे आणि त्याचा उपयोगही होतो. पण नदी फडक्याने पुसून निघत नाही. तिला सांडपाण्याची गटारं लागतात, शुद्धीकरण केंद्रं लागतात आणि दंड वसूल करणारा अधिकारी लागतो. तिथल्या रस्त्यांवर कचरापेट्या दिसत नाहीत, याचंही आपण संस्कृतीच्या खात्यावर कौतुक करतो. 1995 मध्ये तोक्योच्या भुयारी रेल्वेत एका पंथाने विषारी वायू सोडला. त्यानंतर सुरक्षेसाठी असंख्य पेट्या उचलल्या गेल्या, त्याचा यात मोठा वाटा आहे.

एकाच शाळकरी मुलीसाठी रेल्वे चालवली जाते, ही होक्काइदोची गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरते. क्यु-शिराताकी हे ओसाड स्टेशन मार्च 2016 मध्ये बंद झालं आणि ती मुलगी त्याच महिन्यात शाळेतून बाहेर पडली, एवढं बरोबर. गाडी मात्र त्या मार्गावरची नेहमीचीच होती आणि तिच्यात इतरही प्रवासी असत. "तिथे आपल्या देवांची पूजा होते" हेही अर्धंच खरं. सरस्वती तिथे बेंझाइतेन झाली, गणपती कांगितेन झाला. पण दोघं गेली बौद्ध धर्माबरोबर, चीनमार्गे. तोक्योच्या असाकुसा भागातल्या देवळात या गणपतीला मोदकांऐवजी पांढरे मुळे वाहतात आणि मूर्ती सहसा दाखवत नाहीत. त्याला हिंदू म्हणून आपल्या पंगतीत बसवायची घाई कशाला?

राहता राहिलं 'इकिगाई'. त्या नावाचं निळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक मराठीतही धडाक्याने खपतं. लेखक दोघे, दोघेही स्पेनचे. आवड, कौशल्य, जगाची गरज आणि कमाई अशी चार वर्तुळं एकमेकांत गुंतवलेली आकृतीही जपानची नाही. ती स्पेनमधल्या एका ज्योतिषाने 'जीवनाचा हेतू' म्हणून काढली होती. 2014 मध्ये एका इंग्रज ब्लॉगलेखकाने मधला शब्द बदलून तिथे 'इकिगाई' घातलं. जपानी आजीबाईचं इकिगाई नातवाला शाळेत सोडणं किंवा कुंडीतलं रोप इतकंही असू शकतं. कमाईचा त्यात संबंध नाही.

या विषयावरचं जपानमधलं मोलाचं पुस्तक मिएको कामिया या मनोविकारतज्ज्ञ बाईंचं, 1966 मधलं. त्या नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरुग्णालयात काम करत. हे बेट ओकायामा प्रांतात आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात आपण फोटो काढतो, ती बाग ओकायामाच्याच कोराकुएन बागेवरून बेतलेली. घरदार, नाव, मुलंबाळं हिरावून घेतलेल्या माणसाला जगावंसं कशामुळे वाटतं, हा कामियाबाईंचा प्रश्न होता, आणि तो त्यांना पडला या रुग्णांकडे पाहून. कायद्यानेच त्यांना तिथे डांबलेलं होतं. बेट आणि किनारा यांच्यामधली खाडी अगदी चिंचोळी, तरी तिच्यावर पूल झाला तो 1988 मध्ये. कायदा रद्द व्हायला 1996 उजाडलं.