टाकीपासून पंपापर्यंत

सकाळी ६.४०
औसा तालुक्यातलं शिवार. परवा पाऊस झाला, आज वाफसा आलाय. सोयाबीन पेरायचं, आणि जुना पस्तीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर बांधावर उभा. सुरू होतो, दहा मिनिटं चालतो, मरतो. पाव तासानं पुन्हा सुरू.

७.१५
मिस्त्री मोटारसायकलवरून येतात. पान्यांची पिशवी हँडलला. मालक विचारतो, "मामा, फिल्टरची जोडी कालच टाकली. साडेचारशे गेले. पंप खोलावा लागतोय का?" पंप म्हणजे काही हजारांचं काम. "पंप सगळ्यात शेवटी. आधी डिझेल कुठं अडतंय ते बघू."

७.३०
टाकीचं झाकण सैल करून चालवला. झाकणाचं भोक बुजलं असलं, तर टाकीत हवा जात नाही आणि डिझेल उतरत नाही. दहा मिनिटांनी पुन्हा मेला. म्हणजे झाकण नाही.

८.१०
फीड पंपाकडे जाणारी नळी सोडली, खाली डबा. आधी करंगळीएवढी धार. मग दोऱ्याएवढी. मग थेंब. मिस्त्री नळीला तोंड लावून फुंकतात. टाकीत बुडबुडे वाजतात, धार पुन्हा जाड. तोंडातलं डिझेल थुंकत म्हणतात, "टाकीतच हाय." मला हे अर्ध्या तासाचं काम फार मोलाचं वाटतं. कालच्या साडेचारशेआधी व्हायला हवं होतं.

९.००
टाकी रिकामी केली. तळाशी तांबूस पाणी, काळा चिकट गाळ. आणि रुपयाएवढी एक चकती, फुगून मऊ झालेली. डिझेलच्या कॅनच्या बुचातली. ओढ लागली की नळीच्या तोंडावर बसायची, इंजिन थांबलं की सुटायची. दोन लिटर डिझेलनं टाकी विसळली.

१०.२०
आता हवा काढायची. फिल्टरवरचा स्क्रू सैल, हातपंप अंगठ्यानं दाबत राहायचं. पांढरा फेस येतो. फेस संपून नितळ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. मग पंपावरचा स्क्रू. तांब्याचे चार वायसर नवे, चाळीस रुपये. जुने दबलेले, त्यातूनच पुन्हा हवा शिरते. शेवटी इंजेक्टरच्या नळ्यांचे नट सतराच्या पान्यानं सैल. "मार सेल्फ!" नटांतून डिझेल उडतं. नट आवळले. इंजिन धडधडलं.

११.१०
मजुरी पाचशे. मिस्त्री मातीनं हात घासतात, वास जात नाही. पुढच्या गावाहून दोन फोन येऊन गेलेत.

संध्याकाळी ७.००
चार एकर पेरून झालं. टाकी रात्री रिकामी राहिली की आत दव धरतं, म्हणून मालक आत्ताच डिझेल भरतोय. टाकीच्या तोंडावर धोतराचं दुहेरी फडकं. बायको बॅटरी धरून उभी आहे.