बालरोगतज्ज्ञ कोठे घडतो?

वसई-विरार परिसरात मूल आजारी पडले, की आईबाप त्याला जवळच्या डॉक्टरकडे नेतात. आजार गंभीर निघाला तर वसईची खाडी ओलांडून मुंबई गाठावी लागते. म्हणून पहिल्या डॉक्टरने धोका वेळीच ओळखणे मोलाचे ठरते. ही नजर त्याला कोठे मिळते?

मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रतिकृती नव्हे. वर्गात करता येईल असा एक हिशेब पाहा. नवजात बाळाच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ८० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे ३ किलोच्या बाळात अवघे २४० मिलिलिटर. त्यातले २४ मिलिलिटर, म्हणजे पाचेक चमचे रक्त गेले, तरी एक दशांश रक्त कमी झाले! बाळाची मूत्रपिंडे व यकृतही पूर्ण कार्यक्षम नसतात. त्यामुळे औषधाची मात्रा वय व वजन पाहून ठरवावी लागते. हे सारे शिकण्यासाठी एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षांचा एम.डी. अभ्यासक्रम असतो.

परंतु हे शिक्षण पुस्तकापेक्षा रुग्णाच्या खाटेशेजारी अधिक होते. परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात (स्थापना १९२९) दूरदूरची मुले येतात. त्यामुळे एरवी विरळा दिसणारे आजार तेथे पाहायला मिळतात. याउलट, कुपोषित बालकाचा न्यूमोनिया किंवा जुलाबाने झालेला जलक्षय सुरुवातीलाच दिसतो तो गावाकडे. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२-९३ साली कुपोषणाने बालके दगावली. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे.

थोडक्यात, एकटे महानगर किंवा एकटा जिल्हा पुरा तज्ज्ञ घडवू शकत नाही. २०२० साली झालेल्या नियमानुसार पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा आरोग्य व्यवस्थेत काम करणे आवश्यक आहे. तेथे महागडी यंत्रे हाताशी नसली, तरी घड्याळ लावून श्वास मोजता येतात. खोकला झालेले एक ते पाच वर्षांचे मूल शांत असताना मिनिटाला ४० किंवा अधिक श्वास घेत असेल, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी लागते. रुग्णालयाला जादा मदत मिळते आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांची ओळख होते. पुढे अवघड रुग्ण कधी व कोठे पाठवावा, हे विचारणे त्यामुळे सोपे जाते.

मात्र तेथे शिकवणारा अनुभवी बालरोगतज्ज्ञ हवा. नाहीतर हे तीन महिने नुसत्या राबण्यात जातील आणि मुलांना लाभणारी जाणती नजर घडायची राहून जाईल.