भुताला घाई नसते!

हॅरी पॉटर आणि त्याचे बाबा, दोघांनाही एकाच भुतानं गाठलंय, माहितीये? डॅनियल रॅडक्लिफचा २०१२चा ‘द वुमन इन ब्लॅक’ तुम्ही पाहिला असेल. पण सुसान हिलच्या याच कादंबरीवरची टेलिफिल्म ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर १९८९ सालीच, ख्रिसमसच्या आदल्या रात्री लागली होती. तिचा नायक एड्रियन रॉलिन्स, म्हणजे पुढे पडद्यावर झालेला जेम्स पॉटर!

इथं भूत ऊठसूट दचकवत नाही. भरदिवसा, दफनभूमीत, लांबवर काळ्या कपड्यांतली एक बाई नुसती उभी असते. पोटचं मूल दलदलीत गमावलेली आई. धुक्यातून बुडणाऱ्या घोडागाडीचा आवाज येतो, मुलाची किंकाळी येते. दिसत काहीच नाही. भीतीच्या मुळाशी दुःख आहे, हे कळल्यावर जास्तच काटा येतो.

बघताना मोबाइल तेवढा लांब ठेवा. मान खाली घातलीत, तर ती कधी येऊन उभी राहिली ते कळणारही नाही.