वरचा दोरा व खालचा दोरा

गोधडी ठाऊक नाहीं असें घर महाराष्ट्रांत विरळाच. कोणी तिला वाकळ म्हणतात, दक्षिणेकडे कानडी मुलुखाच्या लगत कवदी म्हणतात, आणि तान्ह्या मुलासाठीं केलेली लहानशी असली तर तिला दुपटें हें नांव आहे. जुनीं लुगडीं व धोतरें एकावर एक पसरून तीं धांवदोऱ्यानें शिवावयाचीं, एवढाच तिचा विधि. या हातशिलाईंत दोरा एकच असतो. तोच एका टाक्याला वर दिसतो व दुसऱ्या टाक्याला खालीं जातो, म्हणून दोन्ही अंगांस एकच रंग येणार हें ठरलेलें. उत्तर कन्नड जिल्ह्यांत हल्याळ व यल्लापूर या बाजूस राहणाऱ्या सिद्दी स्त्रिया 'कवंदी' या नांवाच्या गोधड्या शिवितात. त्या कडेपासून आरंभ करून फिरत फिरत मध्यापर्यंत येतात. त्यांचाही दोरा एकच, आणि तो वरखालीं सारखाच दिसतो.

गोधडी यंत्राखालीं आली तेव्हां दोरे दोन झाले, आणि आमच्या आजच्या विषयाचा जन्मही तेथेंच झाला. वसई-विरारच्या पट्ट्यांत घरीं शिवणयंत्र ठेवून लोकांचें शिवण करून देणाऱ्या स्त्रिया जागोजाग आढळतात. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या आया व मावश्या हें काम करीत असतील. स्वतःच्या घरासाठीं शिवलेल्या गोधडीच्या पाठीवर दोन-चार पांढरे ठिपके दिसले तर कोणी विचारीत नाहीं. परंतु गिऱ्हाइकाची गोष्ट निराळी. एखादी बाई वारलेल्या आईचीं चार लुगडीं बासनांत बांधून आणते आणि त्यांची गोधडी करून मागते. तीं लुगडीं बाजारांत पुन्हां मिळावयाचीं नसतात. शिवण बिघडली म्हणून उसवावी, तर सुईचीं छिद्रें जुन्या विरलेल्या सुतांत तशींच राहतात, आणि रेशमांत तर तीं कधींच बुजत नाहींत. अशा वेळीं "मावशी, मागून हा पांढरा दोरा कां हो डोकावतो?" असा प्रश्न आला, तर त्याचें उत्तर मजुरी कमी घेऊन देतां येत नाहीं. तें उत्तर शिवणापूर्वींच ठाऊक असावें लागतें.

त्यासाठीं यंत्राचा टाका कसा पडतो हें समजून घेतलें पाहिजे. बार्थेलेमी थिमोनिए या फ्रेंच शिंप्यानें १८३० सालीं ज्या यंत्राचें पेटंट मिळविलें, त्यांत दोरा एकच होता व टाका सांखळीसारखा पडे. त्या सांखळीचें एक टोंक सुटलें कीं सारी शिवण उसवत जाई. दोन दोऱ्यांच्या यंत्राचें पेटंट एलियस हौ या अमेरिकन कारागिरानें १८४६ सालीं घेतलें, आणि १८५१ पासून आयझॅक सिंगर यानें तशा यंत्रास असें रूप दिलें कीं तें घरोघर शिरलें. (यंत्रांविषयीं कडक मतें असलेल्या महात्मा गांधींनीं १९२४ सालच्या एका संभाषणांत सिंगरच्या शिवणयंत्राला मात्र अपवाद म्हणून मान्यता दिली होती. आमच्या मतें त्या यंत्राला याहून मोठें प्रशस्तिपत्र नको.)

या टाक्याची युक्ति अशी. सुईचें नेढें टोंकापाशीं असतें. वरचा दोरा घेऊन सुई कापडांतून खालीं जाते आणि किंचित् वर उचलली जातांच दोऱ्याचा एक लहानसा फांस मागें राहतो. खालचा आंकडा तो फांस पकडून बॉबिनीच्या भोंवतीं फिरवितो, म्हणजे खालचा दोरा त्या फांसांत अडकला. मग यंत्राच्या तोंडाशीं वरखालीं होणारी भुजा वरचा दोरा ओढून घेते आणि दोन दोऱ्यांची गुंतवण कापडांत घट्ट बसते. ही गुंतवण नेमकी कोठें बसावी, हाच सारा प्रश्न आहे. ती थरांच्या मधोमध बसली, तर वरून फक्त वरचा दोरा दिसेल व खालून फक्त खालचा. ती वर ओढली गेली, तर प्रत्येक टाक्याच्या टोंकाशीं खालच्या दोऱ्याचा ठिपका वर येईल, आणि खालीं ओढली गेली तर वरच्या दोऱ्याचा ठिपका पाठीवर दिसेल.

दोन दोऱ्यांच्या ओढींत ही रस्सीखेंच चालते. वरच्या दोऱ्याचा ताण दोन चकत्यांच्या मध्यें दाबून ठेवितात व तो पुढच्या स्क्रूनें कमीजास्त होतो. खालच्या दोऱ्यास बॉबिन-केसवरील पोलादी पट्टी दाबते व तिच्यावर एक अगदीं बारीक स्क्रू असतो. खालचा दोरा वर दिसूं लागला तर वरचा ताण अधिक झाला असें समजावें, आणि पाठीवर वरच्या दोऱ्याचे वेढे पडूं लागले तर वरचा ताण सैल आहे असें समजावें. बॉबिनीचा ताण पाहण्याची जुनी परीक्षा सोपी आहे. भरलेली बॉबिन केसमध्यें बसवून दोऱ्याच्या टोंकानें ती लोंबती धरावी. ती आपोआप घसरत खालीं जाऊं नये, परंतु हातास थोडा हिसका देतांच दोन-तीन बोटें खालीं उतरावी. नवशिक्यानें बारीक स्क्रूस हात न लावतां वरचाच फिरवावा हें बरें, कारण खालचा स्क्रू एकदां बिघडला म्हणजे मूळ ठिकाण सांपडत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं ताण ठीक केला म्हणजे झालें, मग दोऱ्यांचे रंग दोन असोत कीं चार. पुस्तकांत तें खरें आहे. यंत्रावर तसें घडत नाहीं. कारण गोधडींत थरांची जाडी कोठेंही एकसारखी नसते. एके ठिकाणीं तीन पदर असतात, ठिगळाच्या जोडावर सहा होतात, लुगड्याच्या कांठावरून गेलें कीं सुईला एकदम कठीण लागतें. सरळ ओळींत नीट चाललेला ताण वळणावर बदलतो, आणि पाय घाईनें मारला कीं पुन्हां बदलतो. शिवाय गुंतवण लपण्यास जागा लागते. कापसाची जाड गादी असलेल्या रजईंत ती सहज बुडून जाते. परंतु आपल्याकडील गोधडी नुसत्या जुन्या कापडांची, पातळ. मलमलीसारखे झिजलेले दोन-तीन पदर असले तर मधोमध म्हणावी अशी जागाच उरत नाहीं. म्हणून गोधडी जितकी पातळ, तितका दोन दोऱ्यांचा रंग जवळ असला पाहिजे. याच्या उलट समजूत आमच्या ऐकण्यांत आहे, ती अशी कीं जाड कामालाच दोरा जुळवावा लागतो. ती चुकीची आहे.

तेव्हां गिऱ्हाइकाच्या कामांत सर्वांत निर्धास्त मार्ग म्हणजे वर व खालीं एकाच रिळाचा दोरा. ठिपका आला तरी तो आपल्याच रंगांत मिसळून जातो. अडचण येते ती दर्शनी बाजू गडद व पाठ फिकी असेल तेव्हां. वर निळें इरकली लुगडें आणि खालीं पांढरें धोतर असलें, तर निळा दोरा पाठीवर रेघा ओढल्यासारखा दिसेल आणि पांढरा दोरा वरून कुसळांसारखा. यावर उपाय तीन. एक, दोहोंच्या मधली छटा घ्यावी. राखाडी किंवा फिक्या आभाळी रंगाचा दोरा निळ्यावरही डोळ्यांत भरत नाहीं व पांढऱ्यावरही नाहीं. दुसरा, पाठीचें कापडच छापील किंवा चौकटीचें निवडावें, म्हणजे शिवण त्यांत हरवते. आमच्या मतें हा उपाय सर्वांत चांगला, आणि तो शिवणापूर्वीं सुचला पाहिजे. तिसरा, दोन रंग घ्यावयाचेच तर उजेड-अंधाराच्या मानानें ते एकमेकांच्या जवळचे असावेत. तांबडा व हिरवा हे नांवानें दूरचे, पण दोन्ही सारखेच गडद असले तर ठिपका तितका खुपत नाहीं. गडद तांबडा व पांढरा मात्र कधींच जमावयाचे नाहींत. ही पारख करतांना डोळे अर्धवट मिटून पाहावें. रंग मावळतात व गडद-फिकें तेवढें उरतें.

ठिगळांच्या गोधडींत, जेथें एका ओळींत दहा रंग येतात, तेथेंही हाच नियम उपयोगी पडतो. पांढऱ्या दोऱ्याची संवय सोडून मध्यम राखाडी किंवा मातकट रंग घेऊन पाहावा. रिळावर तो उदास दिसतो, आणि गोधडीवर दिसेनासा होतो, हाच त्याचा गुण.

रंग रिळावर एक व कापडावर दुसरा कां दिसतो, याचा शोध एका रसायनशास्त्रज्ञानें लाविला आहे. मिशेल शेव्हरल हे १८२४ पासून पॅरिसच्या गोबलँ येथील चित्रपट विणण्याच्या कारखान्यांत रंगकामाचे प्रमुख होते. निळ्या व जांभळ्या वस्त्रांच्या छायांत वापरलेला काळा धागा फिका पडतो, अशी तेथील तक्रार होती. शेव्हरल यांनीं तो काळा रंग तपासला. त्यांत दोष नव्हता. दोष शेजारच्या रंगाचा होता. शेजारचा रंग डोळ्यास फसवून आपल्या विरुद्ध छटा दुसऱ्यावर टाकतो, असें त्यांनीं १८३९ च्या ग्रंथांत सविस्तर मांडलें. (हे गृहस्थ १०२ वर्षे जगले.) शिवणाऱ्यानें यावरून घ्यावयाचें तें इतकेंच कीं, रीळ कापडाशेजारीं ठेवून रंग जुळवूं नये. रिळावर शेंकडों फेरे एकत्र असल्यानें रंग दाट दिसतो. एकटा पदर त्याहून फिका असतो. वीतभर दोरा उलगडून कापडावर आडवा टाकावा व हातभर अंतरावरून पाहावें. दोन छटांमध्यें मन अडलें तर किंचित् गडद असेल तो घ्यावा.

आणि हें सारें दिवसाच्या उजेडांत, दाराशीं उभें राहून करावें. दोन रंग निरनिराळ्या द्रव्यांनीं तयार झालेले असले, तर ते उन्हांत एकसारखे व दिव्याखालीं वेगळे दिसूं शकतात, कारण प्रत्येक दिव्याच्या उजेडांत रंगांचें मिश्रण निराळें असतें. दुकानांतील ट्यूबखालीं तंतोतंत जुळलेला दोरा घरीं अंगणांत आणल्यावर परका वाटतो तो यामुळें. म्हणून दुकानांत जातांना कापडाचा तुकडा बरोबर न्यावा आणि रीळ घेऊन क्षणभर रस्त्यावर यावें. दुकानदार नाराज होत नाहीं. झाला तर दुसरें दुकान पाहावें.

आमच्या भागांत आणखी एका गोष्टीची खबरदारी घ्यावी लागते. कुपारी समाजांतील वयस्क बायकांचें लाल लुगडें सर्वांच्या परिचयाचें आहे, आणि आजीच्या अशा लुगड्याची गोधडी करून घेण्याची इच्छा नातवंडांस होणें स्वाभाविक आहे. लाल रंग पुष्कळदां पाण्यांत सुटतो. त्यावर पांढऱ्या दोऱ्यानें नक्षी काढली, तर पहिल्या धुण्यांत ती गुलाबी होईल. आधीं ओल्या पांढऱ्या फडक्यानें लुगड्याचा कोपरा चोळून पाहावा. फडक्यास डाग पडला तर लालच दोरा घ्यावा. हीच परीक्षा गडद दोऱ्याचीही करावी. दोऱ्याचा रंग सुटून आजीच्या लुगड्यास लागला, तर तो निघत नाहीं. तसेंच जुन्या सुती कापडास फार बळकट पॉलिएस्टरचा दोरा आम्ही सुचविणार नाहीं. ताण पडल्यावर दोरा तुटला तर पुन्हां शिवतां येतो. दोरा टिकून कापड फाटलें तर कांहींच करतां येत नाहीं.

गिऱ्हाइकाशीं बोलणें नमुन्यावरून व्हावें. त्याच कापडांची, तितक्याच पदरांची, वीतभर पट्टी घेऊन तिच्यावर दोन-तीन रंगांच्या ओळी शिवाव्या, आणि पट्टी उलटीसुलटी करून दाखवावी. "काकू, पाठीवर एवढें दिसेल, चालेल ना?" असें आधीं विचारलेलें बरें. पुष्कळ बायका पाठीचा विचारच करून आलेल्या नसतात. दाखविल्यावर त्या स्वतःच मधली छटा निवडतात. कोणास दोरा मुद्दाम उठून दिसावयास हवा असतो, त्याचीही हरकत नाहीं. फक्त मग वळणावर शिवण अडखळली कीं तीही उठून दिसेल, हें सांगून ठेवावें. ठरलेली पट्टी काम संपेपर्यंत यंत्राजवळ असावी.

हिशेबाचेंही थोडें पाहूं. यंत्राच्या टाक्यास शिवणीच्या लांबीच्या सुमारें अडीच पट दोरा लागतो, त्यांतला निम्मा वरचा व निम्मा खालचा. जाड थरांत अधिक. ६ फूट लांब व ४ फूट रुंद गोधडीवर इंचाइंचाच्या अंतरानें उभ्या ओळी घातल्या, तर ४७ ओळी होतात. शिवण झाली २८२ फूट, म्हणजे सुमारें ८६ मीटर, आणि दोरा लागला २१५ मीटर. कडेची शिवण व वाया जाणारीं टोंकें निराळींच. रिळावर लांबी छापलेली असते, ती पाहून सारीं रिळें एकदमच घ्यावीं, कारण पुन्हां आणलेलें रीळ दुसऱ्या घाण्यांत रंगविलेलें असलें तर त्याच क्रमांकाचें असूनही छटा किंचित् निराळी येते, आणि ती बरोबर गोधडीच्या मध्यावर दिसते. एका बॉबिनींत इतका दोरा मावत नाहीं. दोन-तीन बॉबिनी आधींच भरून ठेवाव्या, म्हणजे अर्ध्या ओळींत खालचा दोरा संपण्याचा त्रास कमी होतो. दोऱ्याचा खर्च मजुरींत न मिसळतां वेगळा सांगावा. काम झाल्यावर जो दोरा उरेल, तो पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून गोधडीबरोबरच द्यावा. चार वर्षांनीं एखादी ओळ उसवली, तर तोच रंग हाताशीं असतो.